ढाका देऊन ठेवा

कोलकात्यात रविवारी सकाळी मासे घेऊन घरी निघालेल्या माणसाला कुणीही, कुठेही थांबवून विचारू शकतो, "कोतो निलो?" केवढ्याला पडला? त्यासाठी ओळख असावी लागत नाही. माणूस आणि मासा एकत्र दिसले की ओळख झालीच.

त्या रविवारी मी श्यामबाजारला मेट्रोत चढलो तेव्हा माझ्या हातात पॉलिथिनची फुगवलेली पिशवी होती, तोंडाला रबरबँडचे सात-आठ वेढे, आणि आत करंगळीएवढे चार लालभडक मासे. समोरच्या बाकावरच्या धोतरवाल्या गृहस्थांनी गिरीश पार्कपर्यंत कसाबसा धीर धरला.

"कोतो निलो?"

"चारांचे एकशे साठ."

त्यांनी पिशवीला जवळजवळ नाक लावलं. "काँटा छाडा किछुइ पाबेन ना." काट्याशिवाय हाती काही लागायचं नाही.

मी म्हटलं, खायला नाहीत, पाळायला आहेत. त्यावर त्यांनी फार समजूतदारपणे मान हलवली. अस्सं. मग मोठे व्हायला किती दिवस? मी म्हटलं, पाच-सहा महिने. त्यांनी पिशवीकडे पुन्हा एकदा पाहिलं आणि म्हणाले, तेव्हाही चौघांत एकाचंच जेवण होईल. एस्प्लनेडला उतरताना त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. माणूस परमुलखातून आला आहे, शिकेल हळूहळू, असा तो हात होता.

हे सगळं माझ्या वाट्याला येईल असं माझ्या कुंडलीत कुठंही नव्हतं. आम्ही नागपूरचे, महालातले. वडील माळकरी. आमच्या घरात मासा होता तो देवघरातल्या दशावताराच्या तसबिरीत, तोही पहिल्याच चौकटीत आणि कमरेखालीच. बँकेने माझी बदली कोलकात्याला केली तेव्हा आईने फक्त एवढंच विचारलं, "तिथे तुम्ही जेवाल काय बाप्पा?" हाजरा मोडजवळ तिसऱ्या मजल्यावर आम्ही घर घेतलं. समोरच्या दारात एक बौदी, म्हणजे वहिनी, वरच्या मजल्यावर शाळेतून निवृत्त झालेले एक जेठू, म्हणजे थोरले काका, आणि धुण्याभांड्याला एक मासी. बंगालीत मासी म्हणजे मावशी. नागपूरला फोनवर "मासी आली नाही" असं सांगितलं की आईला वाटायचं, लागला पोरगा मासे आणायला.

ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने डोक्यात किडा सोडला. त्याच्या घरी टाकी होती. म्हणाला, "तुम्ही सोर्डटेल घ्या. मरत नाही, मागत नाही, बोलत नाही." घरी येऊन मी हे वर्णन सांगितलं तर सौ. म्हणाली, "असा एक आहे की घरात. दुसरा कशाला?"

तरी मी गेलो. हा बाजार गॅलिफ स्ट्रीटवर भरतो, बागबाजारच्या टोकाला, कालव्याच्या कडेने, दर रविवारी. बंगाली माणूस त्याला शोखेर हाट म्हणतो, म्हणजे शौकाचा बाजार. शौक म्हटला की त्याला धरबंध नसतो, तसाच हा बाजार आहे. आधी कुत्र्यांची पिल्लं, मग कबुतरं, मग गुलाबाची कलमं, आणि मग रंगीत मासे. रुंद तोंडाच्या ॲल्युमिनियमच्या हांड्या मांडून विक्रेते बसलेले असतात आणि बोलता बोलता हाताने पाणी खळबळवत असतात. पाण्यात हवा मिसळावी म्हणून मत्स्यबीज वाहणाऱ्यांनी लावलेली ही सवय. शेजारी बॅटरीचा पंप बुडबुडे काढत असला तरी हात थांबत नाही. हे मासे हावड्याच्या दासनगरकडून येतात, दक्षिण चोवीस परगण्यातल्या आमतला-उदयरामपूरच्या बाजूने येतात. तिकडे घरामागच्या पुकुरात, म्हणजे तळ्यात, आणि सिमेंटच्या हौदांत लोक गप्पी, मॉली, सोर्डटेल असे पिकवतात जसे आपल्याकडे परसात वांगी-मिरच्या. भारतातून परदेशी जाणाऱ्या शोभेच्या माशांपैकी बहुतेक माल याच शहरातून विमानात चढतो. एकशे साठ रुपयांचे माझे चार तेवढे मेट्रोने आले.

ते एकशे साठ कसे ठरले त्याला थोडा इतिहास आहे. याच बागबाजारात मराठा डिच लेन नावाची एक गल्ली आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांचे घोडेस्वार बंगालात घुसले, तेव्हा कलकत्तेकरांनी धास्तीने, नवाबाच्या परवानगीने आणि स्वतःच्या पैशाने शहराभोवती खंदक खणायला घेतला. सहा महिन्यांत तीनेक मैल खणून झाला. मराठे काही शहरावर आले नाहीत. खणणाऱ्यांचा उत्साह मावळला, खंदक अर्धाच राहिला आणि पुढे तो बुजवून सर्क्युलर रोड झाला. न येता एखाद्या शहराला रस्ता करून देणारं घोडदळ जगात दुसरं नसावं. तर पावणेतीनशे वर्षांनी एक नागपूरकर खरोखरच तिथे येऊन पोचला. विक्रेत्याने दोनशे सांगितले. मी घराण्याच्या रिवाजाप्रमाणे चौथाई मागितली. त्याने पंचमांश सोडला.

मला एक नर आणि तीन माद्या हव्या होत्या. सोर्डटेलचा नर दिवसभर मादीच्या मागे लागतो, जेवणाखाण्याचीही शुद्ध नसते. एकास एक ठेवलं तर मादी जाच होऊन झुरते. एकाला तीन असल्या की जाच वाटून घेतला जातो. विक्रेता म्हणाला, आम्ही जोडीने विकतो. पुष्कळ घासाघीस झाल्यावर त्याने जाळी फिरवली आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत एक नर, तीन माद्या पिशवीत. नर ओळखायला सोपा. शेपटीच्या खालच्या कडेतून लांब टोकदार तलवार निघालेली असते, काळ्या काठाची. मादीची शेपूट पंख्यासारखी आणि अंग भरलेलं. तिसरी मादी जरा सडपातळ होती. मी विचारलं, ही नक्की मादी? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुढे विचारलं नाही.

पिशवीला रबरबँड गुंडाळता गुंडाळता तो म्हणाला, "दादा, एरा खूब लाफाय. ढाका दिये राखबेन."

माझं बंगाली तेव्हा दोन महिन्यांचं होतं. लाफाय म्हणजे उड्या मारतात, हे त्याच्या हातावरून कळलं. पण ढाका? बांगलादेशची राजधानी माशांना द्यायची कशी? जतीन दास पार्क येईपर्यंत मी मनाशी ठरवून टाकलं की हे कसल्यातरी खाद्याचं नाव असणार, माल तिकडून येत असणार. पुढचा आठवडाभर मी ऑफिस सुटल्यावर भवानीपूरच्या दुकानांतून ढाका मागत हिंडलो. एका भल्या दुकानदाराने मला चितपूर स्टेशनात जाऊन ढाक्याच्या मैत्री एक्सप्रेसची चौकशी करायला सांगितलं आणि पासपोर्ट आहे ना, असंही विचारलं. शेवटी जेठूंनी उलगडा केला. ढाका म्हणजे झाकण. ढाका देऊन ठेवा, म्हणजे झाकून ठेवा. मी काचवाल्याकडून दोन तुकड्यांचं झाकण करून आणलं. फिल्टरची नळी आत जावी म्हणून मागच्या कोपऱ्यात चार बोटं फट ठेवली. या फटीचं पुढे येईल.

आता त्या तलवारीबद्दल. हा मासा मूळचा मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या ओढ्यांचा. कार्ल हेलर नावाच्या वनस्पती गोळा करणाऱ्या माणसाने तो मेक्सिकोत पकडला आणि 1848 मध्ये व्हिएन्नाच्या योहान हेकेल यांनी त्याचं बारसं केलं: झिफोफोरस हेलेरी. झिफोस म्हणजे ग्रीकमध्ये तलवार. सगळ्यांना वाटतं हे नाव शेपटीवरून पडलं. तसं नाही. हेकेलसाहेबांच्या नजरेत भरली होती नराच्या पोटाखालची दुसरीच एक गोष्ट, ज्या परामुळे हा मासा अंडी न घालता पिल्लं देणाऱ्यांच्या कुळात बसतो. हा लेख घरी मोठ्याने वाचला जाण्याची शक्यता असल्यामुळे मी तिथे थांबत नाही.

शेपटीच्या तलवारीचा उपयोग काय, हा प्रश्न डार्विनलाही पडला होता. 1871 च्या ग्रंथात त्याने या माशाची दखल घेतली आहे. लढायला ती कामाची नाही, त्या तलवारीने पाण्याचा बुडबुडासुद्धा फुटत नाही. पोहायला अडथळाच होतो. ती फक्त माद्यांना आवडते. आणि किती आवडावी? 1990 मध्ये अलेक्झांड्रा बासोलो या संशोधिकेने गंमत केली. प्लॅटी नावाचा मासा सोर्डटेलचा सख्खा चुलतभाऊ, पण त्याच्या नराला तलवार नसते. बाईंनी प्लॅटीच्या नरांना प्लॅस्टिकच्या तलवारी लावून दिल्या. ज्या माद्यांच्या सात पिढ्यांत कुणी तलवार पाहिली नव्हती, त्या त्यांच्याकडे वळल्या. आवड आधीची, तलवार मागाहूनची.

हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो. नागपूरच्या आमच्या घरी माळ्यावर एक तलवार आहे. आमचा कुणी पूर्वज भास्करपंत कोल्हटकरांबरोबर बंगालच्या स्वारीवर होता, असं घरात सांगतात. खंडेनवमीला ती खाली येते, हळदकुंकू लागतं, आपट्याच्या पानांची वाट पाहत एक रात्र पाटावर काढते आणि परत वर जाते. म्यानातून ती निघत नाही. काका म्हणतात, रक्ताने गंजली. काकू म्हणतात, माळा गळतो.

जेठूंना हे सांगायला नको होतं. बंगालात मराठ्यांना बर्गी म्हणतात, आपल्या बारगीर शब्दावरून, आणि इथल्या पिढ्यान्‌पिढ्या बर्गी येईल या धाकावर झोपी गेल्या आहेत. जेठू म्हणाले, मलाही आजीने असंच झोपवलं. सत्तरी उलटल्यावर बर्गी शेजारी राहायला येईल आणि चहाला बोलावील, असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी टाकीत वाकून नराकडे पाहिलं आणि त्याचं नाव ठेवलं, भास्कर पंडित. मी म्हटलं, नाव जरा अपशकुनी आहे. 1744 मध्ये नवाब अलीवर्दीखानाने मनकऱ्याच्या छावणीत भास्करपंतांना बोलणी करायला बोलावलं आणि तंबूतच कापून काढलं. जेठू म्हणाले, "म्हणूनच. याला कुठेही बोलावलं तरी जाऊ देऊ नका." माद्यांची नावं सौ.ने ठेवली. थोरली, मधली, धाकटी. धाकटी म्हणजे ती सडपातळ.

मरत नाही, मागत नाही, बोलत नाही, यातलं पहिलं आम्ही पहिल्याच आठवड्यात खोटं ठरवत आणलं. टाकी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच, म्हणजे काठोकाठ भरली तर छप्पन लिटर. रविवारी दुपारी भरली, संध्याकाळी मासे सोडले. बुधवारी पाणी तांदळाच्या धुवणासारखं आणि चौघंही वर तोंड काढून श्वास ओढतायत. सहकाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "तुम्ही वाडा बांधलात, गृहप्रवेश केलात, आणि संडास बांधायचा विसरलात." मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकतो आणि त्याच पाण्यात जेवतो. तो अमोनिया खाऊन त्याचं नायट्राइट, नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात वस्तीला यावे लागतात. त्याला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर मासे आणायचे नसतात. आणलेच तर रोज थोडं थोडं पाणी बदलत बसायचं. मी बसलो. महिनाभर रोज रात्री पंधरा लिटर बाहेर, पंधरा लिटर आत.

सुखाची गोष्ट एवढीच की पाणी त्यांना आमचंच मानवलं. आमच्या इमारतीच्या कूपनलिकेचं पाणी जड. त्यात वरण शिजत नाही, केस धुतले की काथ्या होतो, बादलीला गेरूचा रंग चढतो. बहुतेक शोभेचे मासे अशा पाण्यात कुरकुरतात. सोर्डटेलला मात्र जडच पाणी लागतं. रात्रभर बादलीत ठेवून निवळलं की भास्करपंत त्यात अशी तलवार फिरवायचे की सौ. म्हणायची, "या घरात हे पाणी आवडणारं कुणीतरी निघालं."

दीड महिन्याने पाणी काचेसारखं झालं. मला इतका आनंद झाला की मी साफसफाईला हात घातला. फिल्टरचा स्पंज काढून नळाखाली धरला, घासला, पिळला, पुन्हा घासला. पांढराशुभ्र. चौथ्या दिवशी पुन्हा तांदळाचं धुवण. स्पंजातला तो सगळा चिकट काळा मळ म्हणजेच जिवाणूंची वस्ती होती, आणि मी दीड महिना जपलेली बिनपगारी नोकरमाणसं घासून-पिळून एका सकाळी धुऊन काढली होती. स्पंज धुवायचा तो टाकीतूनच काढलेल्या पाण्यात, नुसता हलवून, तोही कधीमधी. सौ.ने हे शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाली, "एकदा नक्की सांगा, आपण मासे पाळतोय की मळ?"

जेठूंना यात काहीच नवल वाटलं नाही. ते मला एका रविवारी शहराच्या पूर्वेला घेऊन गेले. तिथे मैलोन्‌मैल भेड्या, म्हणजे उथळ तळी पसरलेली आहेत. कोलकात्याचं सांडपाणी कालव्यांनी तिथे येतं, उन्हात पसरतं, जिवाणू आणि शेवाळ त्यावर वाढतात, शेवाळ मासे खातात आणि मासे कोलकाता खातं. साडेबारा हजार हेक्टरांचा हा सगळा पाणथळ पट्टा 2002 मध्ये जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या रामसर यादीत गेला. ध्रुवज्योती घोष नावाच्या एका अभियंत्याने शहराचं सांडपाणी जातं कुठे, हे शोधता शोधता त्याची ओळख जगाला करून दिली. बांधावर उभं राहून जेठू म्हणाले, "तुमचा स्पंज." मग समोर जाळं ओढणाऱ्या माणसांकडे हात केला. "आणि आमचं दुपारचं जेवण."

दिवाळीत आम्ही नागपूरला गेलो तेव्हा चावी जेठूंकडे दिली. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच खाद्य, असं कागदावर लिहून दिलं. पाचव्या दिवशी त्यांना वाईट वाटलं. एवढंसं खाणं? बंगालात देवळाच्या तलावावर गेलेला माणूस माशांना मुडी घालतो, म्हणजे आपले मुरमुरे. त्यांनी मूठभर घातले. ते तरंगले. मासे त्यांच्याभोवती पिंगा घालताना पाहून त्यांना समाधान वाटलं आणि त्यांनी आणखी एक मूठ घातली. आम्ही परतलो तेव्हा टाकीत चिवडा भिजत घातल्यासारखं दिसत होतं. मी काही बोललो नाही. परगावी चावी सांभाळणाऱ्या शेजाऱ्याशी माशांवरून भांडायचं नसतं. शिवाय त्यातलं कुणी मेलं नव्हतं, आणि थोरलीचं वजन वाढलेलं दिसत होतं. तिच्या वजनाचं कारण निराळं होतं, हे मागाहून कळलं.

डिसेंबरात मधलीच्या अंगावर पांढरे ठिपके आले, रवा शिंपडल्यासारखे. बातमी दारोदार गेली. बौदी म्हणाल्या, "नून." मीठ घाला. जेठू म्हणाले, "होलुद." हळद औषधी असते. दोघंही तावातावाने सांगत होते आणि मासी पोछा थांबवून ऐकत होती. बंगालात माशाचा कुठलाही प्रकार करायचा झाला तरी सुरुवात याच दोन गोष्टींनी होते: मीठ-हळद लावून पंधरा मिनिटं बाजूला ठेवा. सौ. माझ्या कानात म्हणाली, "आता एक मोहरी राहिली."

मीठ मात्र खरं औषध निघालं. ठिपक्यांचा तो परजीवी थंडीत बळावतो. लिटरला दोन ग्रॅम खडे मीठ आणि हीटर लावून पाणी रोज एकेक अंश वर, तिसापर्यंत. कोलकात्याला थंडी कशी असते हे नागपूरकराने सांगू नये, पण पारा पंधराच्या खाली उतरला की इथे अख्खं शहर मंकी टोपीत जातं. त्या आठवड्यात संध्याकाळी कुणी ना कुणी यायचं, मंकी टोपीतून फक्त डोळे आणि नाक, आणि टाकीजवळ खुर्ची ओढून म्हणायचं, इथे बरं वाटतं. घरातली सर्वांत ऊबदार जागा तीच होती. सहा माणसं एका माशाच्या दुखण्याला हात शेकत बसलेली मी पाहिली आहेत.

थोरलीचं पोट तोवर चौकोनी झालं होतं. सोर्डटेलची मादी साधारण अठ्ठावीस दिवसांनी पिल्लं देते, एकदम वीस, तीस, कधी शंभरही. पिल्लं जन्मतःच पोहतात, कारण पोहली नाहीत तर आईच खाते. बापही खातो. मावशा तर खातातच. मी टाकीचा अर्धा भाग झांझीने भरला. झांझी म्हणजे तळ्यातलं ते हिरवं गुंतवळ, लेक मार्केटजवळ एका माळणीने मला फुलांच्या भावात दिलं. एका पहाटे त्या गुंतवळात पापणीच्या केसाएवढे डोळेवाले जीव अधांतरी थरथरताना दिसले. मी मोजले, पस्तीस. दुसऱ्या दिवशी बावीस. भास्करपंत तलवार मिरवत शांतपणे फिरत होते, जसं काही झालंच नाही.

मला वाटलं, संपलं. पण सोर्डटेलची मादी एका भेटीचा साठा अंगात जपून ठेवते आणि पुढच्या तीन-चार खेपा त्याच्यावर काढते. नर घरात असो नसो. पुढच्या महिन्यात थोरली आणि मधली, दोघी. सोबत मी आणलेली तीन फुटी टाकी. जानेवारीत मी मोजायचं सोडलं तेव्हा आकडा साठाच्या वर होता. बौदींनी सुचवलं, रवींद्र सरोवरात सोडून द्या. ते मात्र मी केलं नाही. लोकांनी घरच्या टाक्यांतून सोडलेल्या सोर्डटेलांनी ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या ओढ्यांत ठाण मांडलं आहे. आमच्या नावावर या मुलखात आधीच एक स्वारी आहे.

वाट सौ.नेच काढली. संक्रांत आली. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात ओळख झालेल्या आठ-दहा जणी, इमारतीतल्या बौदी, सगळ्यांना हळदीकुंकवाला बोलावलं. तिळगूळ दिला, ओटी भरली, आणि मग तिने वाण लुटलं. पॉलिथिनची पिशवी, रबरबँड, आत एकेक जोडी, वर चिठ्ठी: "झाकून ठेवा". बायका चिठ्ठीकडे आणि पिशवीकडे आळीपाळीने पाहत होत्या. एक साताऱ्याच्या काकू म्हणाल्या, "प्लॅस्टिकची डबी दिली असतीस तरी चाललं असतं गं." जेठू दाराशी उभे राहून हा सोहळा बघत होते. लुटणं म्हणजे इथे वाटणं, असं मी त्यांना समजावून सांगितलं. ते बराच वेळ विचार करून म्हणाले, "पावणेतीनशे वर्षं आम्ही एका शब्दाचा गैरसमज करून घेतला की काय?"

फेब्रुवारीत धाकटीच्या शेपटीला खालच्या बाजूने एक टोक दिसू लागलं. सहकारी म्हणाला, मादीचा नर होतो कधीकधी. तसं लोक पूर्वीपासून म्हणत आले आहेत, पण बहुतेक वेळा तो उशिरा वयात आलेला नरच असतो, मुळात मादी नव्हताच. काही नर लवकर लहानखुरे वयात येतात, काही सावकाश, अंगाने मोठे होऊन. धाकटी सावकाशांतली. मार्चपर्यंत तिची, म्हणजे त्याची, तलवार भास्करपंतांपेक्षा बोटभर सरस झाली. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण आम्ही लहानपणापासून पाठ केली, पण ती काचेतून बघायला मिळाली ती इथे. दोघं शेजारी शेजारी, पर ताठ करून, एकमेकांना बाजू दाखवत तासन्‌तास. मग एक झडप. भास्करपंत हीटरमागे जाऊन बसायला लागले. थोरली-मधलीने एका आठवड्यात आपलं मत बदललं. बासोलोबाईंनी लिहिलंच होतं, लांबी महत्त्वाची.

एप्रिलच्या अखेरीस, एका संध्याकाळी कालबैशाखी आली. आकाश शाईसारखं, मग वारा, खिडक्यांची धडाधड, आणि लाईट गेली. पंप बंद, फिल्टर बंद. मी चौकटीत मेणबत्ती धरून उभा. मासी उरलेला पोछा अंधारातच पुरा करत होती. तेवढ्यात फरशीवर आवाज आला. चट्. थांबून पुन्हा, चट्, चट्. सौ. म्हणाली, पाल पडली. मासी म्हणाली, "ना. ज्यांतो माछ." जिवंत मासा. जन्मभर तो आवाज ऐकलेला कान.

तिने अंधारात हात घातला आणि पहिल्याच झटक्यात उचलला, डोक्याकडून, निसटणार नाही असा. मेणबत्तीच्या उजेडात भास्करपंत तिच्या मुठीत होते, कोळिष्टकं लागलेले, तोंड उघडंमिटं. चार बोटांच्या त्या फटीतून निघाले होते. आणि मासीच्या तोंडून, वर्षानुवर्षांच्या सवयीने, विचार न करता निघालं, "बोउदी, गोटा, ना पीस?"

आख्खा ठेवू की तुकडे करू?

क्षणभर कुणीच बोललं नाही. मग तिचं तिलाच हसू फुटलं, पदर तोंडाला लावून ती इतकी हसली की मासा टाकीत पडला तो अर्धा तिच्या हातातून आणि अर्धा हसण्याने. तळाशी जाऊन तो कुशीवर पडून राहिला. मी मगाने पाणी उपसून वरून परत ओतत बसलो, हवा मिसळावी म्हणून. थोड्या वेळाने लक्षात आलं की मग बाजूला ठेवून मी हातानेच पाणी खळबळवतो आहे. दीड तासाने लाईट आली तेव्हा भास्करपंत सरळ झाले होते. तलवार अर्धी गेली होती. ती दुसऱ्या दिवशी कपाटाखाली सापडली, वाळून, काळ्या काठाची, शिवणाच्या दोऱ्याएवढी.

माशाची तलवार परत वाढते. महिन्याभरात टोक पुढे सरकलेलं दिसायला लागलं, आणि मी काचेला पट्टी लावून दर रविवारी मिलिमीटर टिपू लागलो. सौ. म्हणाली, "अहो, तलवार मागून मोजा. आधी त्या फटीचं बघा." काचवाला पुढच्या आठवड्यात येतो म्हणाला. तोवर तिने स्वयंपाकघरातून पोळपाट आणून मागच्या कोपऱ्यावर पालथा घातला. नेमका बसला. काचवाला अजून यायचा आहे, आणि पोळपाट तिथून हलवायला कुणाचं मन होत नाही. त्यामुळे हल्ली आमच्याकडे दोन्ही वेळा भातच असतो. परवा बौदी डबा द्यायला आल्या, ताटाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं. एवढ्या दिवसांनी तुम्ही जेवायला शिकलात."